बांधापलीकडचा ओला उतार

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की मुलगा मिस्त्री आहे, ऑइल इंजिनं आणि फटफट्या दुरुस्त करतो, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. फटफटी उडवतो हे कुणी सांगितलं नव्हतं. ते मला लग्नानंतर दुसऱ्या रविवारी कळलं.

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडत दुकानांची गल्ली संपते तिथे ह्यांचं दुकान होतं. मी नगरपालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायची. दुकानाच्या मागच्या पत्र्याखाली ह्यांची स्वतःची एक जुनी अडीचशे सीसीची गाडी असायची. तिचे मडगार्ड काढलेले, दिवा काढलेला, मागची सीट कापलेली. पिसं काढलेल्या कोंबडीसारखी ती दिसायची. रविवारी दुपारी हे आणि चार-पाच हौशी मंडळी गावाबाहेरच्या माळावर जाऊन बांधावरून गाड्या उडवायची. माझी हौस पुरी व्हावी म्हणून मला एकदा नेलं होतं. ती तिथेच पुरी झाली.

गाडी जमिनीवरून सुटली की तिचा आवाज बदलतो. चाकाला पकड उरत नाही, म्हणून इंजिन एकदम किंचाळतं. खाली टेकली की पुन्हा घोगरं होतं. त्या किंचाळीपासून घोगऱ्या आवाजापर्यंत मी श्वास घेत नसे. पुढे पुढे घरी बसूनसुद्धा मला तो आवाज ऐकू यायचा. भाकरी थापताना, फळ्यावर पाढे लिहिताना माझा हात थांबायचा. मुलांना वाटायचं बाई पाढा विसरल्या.

मी भांडले नाही असं नाही. चांगली कडाकडा भांडले. हे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, काही होत न्हाई गं, मी काय मरायला चाललो काय. सासूबाईंकडे तक्रार नेली तर त्या म्हणाल्या, हौसेला मोल नसतं, पोर दारूच्या गुत्त्यावर तर जात न्हाई ना. म्हणजे तो दरवाजाही बंद.

शेजारची बाई भीती वाटली की देवीला नारळ बोलायची आणि मोकळी व्हायची. मला ती सोय नव्हती. आम्ही बौद्ध. सासूबाईंनी छप्पन साली देव्हाऱ्यातले सगळे देव फडक्यात बांधून कुंडलिकेत सोडले होते आणि मागे वळून पाहिलं नव्हतं. ती गोष्ट त्या फार अभिमानाने सांगत, आणि मलाही तो अभिमान होता. पण भीती वाटायला लागली की कळायचं, आता सौदा करायला कुणी नाही. मी त्रिशरण म्हणायची. ते म्हणताना काही मागायचं नसतं हे मला ठाऊक होतं, तरी शेवटी हळूच मागून घ्यायची.

देव गेले, पण एक गोष्ट राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी सोडायलाही सांगितलं नव्हतं. शाळेच्या कागदावर मी ते लिहायची, तोंडाने घ्यायची नाही. कुणी विचारलं की वर्गातल्या एखाद्या मुलीला म्हणायची, सांग गं. चौथीपर्यंत इतिहास शिकवणारी बाई मी, राजेमहाराजांची नावं घडाघडा घ्यायची आणि ह्या एका नावाशी अडायची.

मोठा दुष्काळ सरून दोन-अडीच वर्षं झाली असतील. तेव्हा जालना अजून वेगळा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. भोकरदनच्या पुढे, धावड्याच्या बाजूला एका गावचे पाटील ह्यांचे गिऱ्हाईक होते. त्यांचं विहिरीवरचं ऑइल इंजिन हे दर वर्षी उतरवून पुन्हा बसवून द्यायचे. दुष्काळातही ज्यांची विहीर आटली नव्हती अशा मोजक्या लोकांपैकी ते एक, आणि ते त्यांनी कुणाला विसरू दिलं नव्हतं. त्यांच्या रानात दर वर्षी शंकरपट भरायचा, बैलजोड्या पळायच्या. ह्या वर्षी ह्यांनी त्यांच्या डोक्यात भरवलं की पटानंतरच्या रविवारी त्याच रानात फटफट्यांची शर्यत घेऊ. औरंगाबादहून लोक येतील, जालन्याहून येतील. पाटलांना नवलाईची भारी आवड. ते लगेच तयार झाले.

मला तेव्हा पाचवा महिना होता. मी म्हटलं, मीही येणार. घरी बसून आवाज ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

आदल्या दिवशी औरंगाबादहून एक तरुण आमच्याकडे उतरला. कॉलेजात शिकत होता, त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. त्याच्या मागच्या चाकाचे आरे ढिले झाले होते, ते ह्यांनी कसून दिले. जेवताना त्याने माझ्या हातच्या तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागताना लाजला. मी किती घाबरते हे ह्यांनी त्याला हसत हसत सांगितलं. तो मात्र हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "भाभी, भाई को कुछ नईं होता. मैं आगे रहूंगा ना, रस्ता देखके बताऊंगा." मला तो आवडला. कुणीतरी माझी भीती खरी मानली होती.

सकाळी लवकर आम्ही जीपने पोचलो. गाड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणल्या होत्या. सगळ्या गडीमाणसांनी आधी पायी चालत रस्ता पाहिला, मीही थोडी मागून गेले. सपाट रानातून सुरुवात, मग नांगरलेली काळी जमीन, मग दगडगोट्यांचा चढ, आणि तिथून एक उंच बांध. बांधाच्या अलीकडून पलीकडचं काही दिसत नव्हतं. पलीकडे दोन पुरुष उंचीचा उतार होता, खाली कोरडा ओढा. तिथून वळून परत पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवाकडे. हे बांधावर उभे राहून पायाने माती दाबून पाहत होते. माती कडक होती. हे म्हणाले, इथं गाडी सोडायची बिलकुल भीती न्हाई, बराबर उतरते. औरंगाबादच्या पोराने मान हलवली.

मग सगळे पाटलांच्या वाड्यावर नाश्त्याला गेले.

शर्यत अकराला होती. पुरुष मंडळी मांडवाभोवती जमली. बायकांसाठी वेगळी जागा पाहिली होती, बांधाच्या पलीकडे उताराच्या बाजूला, दोन चिंचांच्या सावलीत. गावातल्या बायका पटालाही तिथेच बसायच्या. मीही तिकडे गेले. झाडापर्यंत जायला उताराचा कोपरा ओलांडावा लागायचा. वरून माती करडी, सुकलेली दिसत होती. मी पाय टाकला आणि चप्पल आत गेली. ओढली तर पाय वर आला, चप्पल तिथेच. दुसरा पाय घसरला. एका बाईने दंडाला धरलं म्हणून मी पडले नाही. चप्पल काढून पाहिली तर तिला वीतभर काळा चिखल चिकटलेला.

मी विचारलं, पाऊस तर नाही, मग हे काय. ती बाई कौतुकाने म्हणाली, "सकाळी पाटलानं इंजिनचं पाणी सोडलं ना बाई. पटाला सोडत्यात तसंच. पाव्हण्यायला धूळ नको."

पटाच्या आधी तिथे रानावर पाणी मारायची रीत होती. धूळ बसते आणि बैलाचा खूर जमिनीत धरतो. पाहुण्यांचा मान म्हणून पाटलांनी ह्या वेळी जरा जास्तच सोडलं होतं, पार बांधापलीकडेही. वरचं रान वाळलं होतं, पण उतारात ते पाणी मुरून राहिलं होतं. खुराला जी ओल चालते ती चाकाला चालत नाही, हे त्या गावात कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. पाणी सोडलं तेव्हा गाड्यावाले सगळे पोहे खात होते. दोन तासांच्या उन्हाने वरचा पापुद्रा वाळवून टाकला होता. आत नुसतं लोणी.

मला दिसत होतं, गाडी बांधावरून किंचाळत येणार, आणि इथे टेकणार.

मी पळाले. पाचव्या महिन्यात, एक चप्पल हातात आणि एक चिखलात, साडीचा ओचा धरून मी बांध चढले आणि रानातून पळत सुटले. पोटात बाळ हलत होतं की माझंच काळीज, कळत नव्हतं. ढेकळांत पाय मुरगळत होता. मांडव जवळ आला तेव्हा दिसलं, तेरा गाड्या सुरुवातीच्या रेघेवर उभ्या आहेत, इंजिनं चालू आहेत. रेघ अजून लांब होती. मधे दोरी बांधलेली आणि दोरीला काठ्या घेतलेले गडी. एकाने काठी आडवी केली. बाईमाणसाला तिकडे सोडायला त्याला सांगितलंच नव्हतं. मी सांगायला लागले, पण मला इतका दम लागला होता की शब्द निघेना. तो म्हणाला, जे असंल ते मांडवात सांगा.

मांडवात माईक होता. माईकवर गावातले हेडमास्तर होते, आणि हेडमास्तर भाषण करत होते.

आज ते आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ते लोकांना खेळाचं नाव समजावून सांगत होते. ह्या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. इंग्रज लोकांनी हा खेळ काढला, तेव्हा ते ह्याला स्क्रॅम्बल म्हणत, म्हणजे धडपडत, हातापायाने चढत जाणं. मग तो फ्रान्स देशात गेला. फ्रेंच भाषेत फटफटीला मोटोसिक्लेट म्हणतात, त्यातला पहिला तुकडा घेतला मोटो. आणि रानावनातून पळण्याच्या शर्यतीला क्रॉस कंट्री म्हणतात, त्यातला घेतला क्रॉस. दोन्ही जोडून झालं मोटोक्रॉस. हेडमास्तरांनी ते दोनदा सांगितलं, वर्गात सांगतात तसं, पाठ होईपर्यंत. पाटील खुर्चीतून म्हणाले, म्हंजे फटफटीचा शंकरपटच की मंग. लोक हसले. हेडमास्तरांनी फरक समजावून सांगायला सुरुवात केली.

आणि मी उभी होते. शेजारी, अदबीने. हेडमास्तर बोलत असताना मधे बोलायचं नाही, हे माझ्या हाडात होतं. मी स्वतः मास्तरीण, दुसऱ्यांना हेच शिकवलेलं. सगळा मांडव पाटलांच्या भावकीचा, त्यात आम्ही कोण आहोत हेही मला माहीत होतं आणि त्यांनाही. शेवटी त्यांनी श्वास घ्यायला थांबून माझ्याकडे पाहिलं. काय बाई, म्हणाले.

मी म्हटलं, त्यांना बोलवा. जल्दी बोलवा.

कोणाला, म्हणाले. मी म्हटलं, आमच्या ह्यांना. जालन्याचे मिस्त्री.

मांडवातल्या लोकांचे चेहरे उजळले. मिस्त्री सगळ्यांच्या ओळखीचे. पाटलांच्या मागून कुणीतरी म्हणालं, मिस्त्रीणबाई आल्यात, मंग नाव घेऊनच बोलवू द्या. पाटील खुशीत हसले आणि हात हलवून म्हणाले, "बरोबर हाय. नाव घ्या ताई, अन् घेऊन जा तुमचा मिस्त्री." हेडमास्तरांनी माईकची उंची माझ्या तोंडाएवढी केली.

हजारभर लोक वळून पाहत होते. कर्णे चारी बाजूंना बांधलेले, एक तर सुरुवातीच्या रेघेजवळच्या बाभळीवर. मी जे बोलेन ते तेरा जणांना ऐकू जाणार होतं. माझ्या एका पायावर चिखल वाळत होता. मला एवढंच समजत होतं की हे लोक हट्टाला पेटलेत, नाव घेतल्याशिवाय ते ह्यांना बोलावणार नाहीत. लवकर घेतलं की लवकर बोलावतील. मी डोळे मिटले आणि जे तोंडात आलं ते बोलले. काळ्या रानात काळी ढेकळं, बांधावर बोरी, अमक्यांचं नाव घेते, सोडा आता दोरी. अमक्यांच्या जागी मी त्यांचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं, आणि घेतलं ते कर्ण्यावर.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिट्ट्या वाजल्या. रेघेवर ह्यांनी मागे वळून पाहिलं आणि दोन्ही हात वर केले, हसत. मी माईकमधे पुढचं बोलायला तोंड उघडलं, पण हेडमास्तरांनी माईक पुन्हा आपल्याकडे घेतला होता आणि ते वा वा म्हणत होते. टाळ्या ऐकून निशाणवाल्याला वाटलं, भाषण संपलं. त्याने हिरवं निशाण खाली टाकलं.

बारा गाड्या सुटल्या. ह्यांचे हात अजून वरच होते. मग गडबडीत गियर टाकून हे सगळ्यांच्या मागून निघाले.

मी पुन्हा पळाले, बांधाकडे. आता ओरडत होते, थांबा थांबा म्हणत होते, पण बारा-तेरा इंजिनांपुढे माझा आवाज कुणाला जाणार. धुरळा असा उठला की कोण पुढे कोण मागे दिसेना. चढावर आवाज चढले. मग पहिली गाडी बांधावरून सुटली. ती किंचाळी मी ऐकली, आणि श्वास धरून घोगऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. त्याऐवजी बायकांचा कालवा आला.

दुसरी आणि तिसरी गाडी बांधावर आडवी होऊन थांबली. मागच्यांनी ब्रेक लावले. मी त्यांच्यामधून गेले, कुणाकडे न पाहता. ह्यांच्याकडेही पाहिलं नसेल, कारण हे तिथेच मागे होते असं नंतर कळलं. मला वाटत होतं, पडले ते हेच. मी बसत, घसरत उतार उतरले. गाडी ओढ्यात उलटी पडली होती आणि तिचं मागचं चाक फिरत होतं. माणूस चिखलात कुशीवर होता, एक पाय नको तिकडे वळलेला. मी त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

औरंगाबादचा पोरगा होता.

मी लिहायचं म्हणते आहे तर हेही लिहिलं पाहिजे. त्याचं तोंड पाहिलं त्या क्षणी मला आनंद झाला. दुःख नाही, दया नाही, आधी आनंद झाला. इतका की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तो शुद्धीवर होता. मला रडताना पाहून त्याला वाटलं त्याच्यासाठीच रडते आहे, आणि तोच मला म्हणाला, रोओ मत भाभी. मग मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोपर्यंत बाकीचे खाली आले.

जीपमधे आडवं घालून त्याला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. खुबा मोडला होता, मांडीचं हाड दोन ठिकाणी. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले पाय राहील, पण पहिल्यासारखा नाही. पाटील स्वतः बरोबर आले होते, हात जोडून उभे होते, एकसारखे म्हणत होते की आम्ही तर मानासाठी पाणी टाकलं. त्यांच्यावर रागावण्याइतकंही बळ माझ्यात उरलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघंच बाहेर पायरीवर बसलो. मी सगळं सांगितलं, चप्पल कशी फसली, मी कशी पळत आले, भाषण कसं संपेना, लोक नावासाठी कसे अडून बसले. माझा त्या सगळ्यांवर राग राग झाला होता आणि ह्यांनीही रागवावं असं मला वाटत होतं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच, अजिबात न रागावता विचारलं, "माईक तुझ्या तोंडापुढं होता. उतार ओला हाय, एवढंच का न्हाई बोललीस? नाव कशाला पाहिजे होतं?"

खरंच, नाव लागतच नव्हतं. तीन शब्द होते, आणि ते रेघेवरच्या सगळ्यांना ऐकू गेले असते. पण मी तेरा जणांना थांबवायला आलेच नव्हते. मी एकाला काढून न्यायला आले होते. बाकीचे बारा तिथे उभे आहेत हे मला दिसत होतं, आणि ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी म्हटलं, "मला तुम्हीच दिसत होता." ह्यांनी मान हलवली. त्यानंतर ह्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि गाडी विकून टाकली. मी एवढी भांडूनही जे झालं नव्हतं ते असं झालं, आणि मला त्याचं काहीच सुख वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला भेटायला गेलो. त्याची आई उशाशी बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं. मला पाहून ती उठली, बुरखा मागे सारला आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "बेटी, सब बता रहे, सबसे पैले तू दौड़ी. इस हालत में दौड़ी." तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ दुआ म्हणत राहिली. हे भिंतीकडे पाहत उभे होते. पोरगा पडल्या पडल्या हसला.

मी तिला काही सांगितलं नाही. ती दुआ मी पुरी होऊ दिली आणि घेतली.